दोन कन्व्हर्टर एकदम ब्लोमध्ये आले की ॲसिड प्लांट कमी का पडतो?

लक्षणं बहुतेक तांब्याच्या स्मेल्टरमध्ये (खनिज वितळवून तांबं काढणाऱ्या कारखान्यात) सारखीच. भट्ट्यांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचं सल्फ्युरिक ॲसिड करणाऱ्या ॲसिड प्लांटच्या पाटीवर क्षमता रोज १,८०० टन. महिन्याचा हिशेब काढावा तर उत्पादन त्याच्या बरंच आत. तरीही दर शिफ्टला एक-दोनदा कन्व्हर्टरच्या (हवा फुंकून गंधक जाळणाऱ्या भट्टीच्या) तोंडावरच्या हूडमधून धूर बाहेर येतो, आयलमधल्या (कन्व्हर्टरसमोरच्या पट्ट्यातल्या) क्रेनवाल्याला ठसका लागतो, ॲसिडच्या कंट्रोल रूममधून फोन जातो आणि स्मेल्टरवाले कुरकुरत एक कन्व्हर्टर ब्लोमधून, म्हणजे हवा फुंकण्यातून, बाहेर काढतात. मग बैठक. स्मेल्टरवाले म्हणतात, तुमचा प्लांट छोटा आहे. ॲसिडवाले म्हणतात, पाटीवरच्या आकड्यालाही आम्ही पोचत नाही, मग छोटा कसा? दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि म्हणूनच हे भांडण वर्षानुवर्षं चालतं.

बैठकीतून हमखास निघणारा उपाय म्हणजे मोठा ब्लोअर. तो मागवण्याआधी खालचा हिशेब आपल्या आकड्यांनी एकदा करून बघा.

पाटीवर टन, डक्टमध्ये घनमीटर

१ टन गंधकापासून ३.०६ टन सल्फ्युरिक ॲसिड होतं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यावरूनच प्लांटची पाटी रंगते. पण ड्राइंग टॉवर, ब्लोअर, कॅटॅलिस्टचे थर, हीट एक्स्चेंजर, ॲब्सॉर्प्शन टॉवर यांतल्या एकालाही टन कळत नाहीत. त्यांना कळतो तो दर तासाला येणारा वायू. १ टन ॲसिडला सुमारे २२८ घनमीटर सल्फर डायऑक्साइड लागतो (इथून पुढे घनमीटर म्हणजे नॉर्मल घनमीटर). वायूत तो १२ टक्के असेल तर एकूण १,९०० घनमीटर वायू हाताळावा लागेल. ६ टक्के असेल तर ३,८००. ॲसिड तेवढंच, प्लांट मात्र दुप्पट.

मग २५-३० टक्क्यांचा दाट वायूच का पाठवू नये? कारण सल्फर डायऑक्साइडचं ट्रायऑक्साइड करणारा कॅटॅलिस्ट. व्हॅनेडियमच्या पहिल्या थरात वायू ४१० अंशांच्या आसपास शिरतो आणि पूर्ण रूपांतर झालं असं धरलं तर दर टक्का सल्फर डायऑक्साइडमागे साधारण २८-३० अंशांनी तापतो. १२ टक्क्यांच्या वायूचं पहिल्या थरात ६० टक्क्यांहून थोडं अधिक रूपांतर झालं की बाहेरचं तापमान ६२०-६३० वर जातं. ६५० च्या पुढे कॅटॅलिस्टचं आयुष्य झपाट्याने घटतं. शिवाय ऑक्सिजनही हवा: कागदावर सल्फर डायऑक्साइडच्या निम्मा पुरतो, प्रत्यक्षात जवळजवळ बरोबरीने असेल तरच शेवटचे टक्के नीट रूपांतरित होतात. म्हणून नेहमीच्या डबल ॲब्सॉर्प्शन (ट्रायऑक्साइड दोन टप्प्यांत शोषणाऱ्या) प्लांटमध्ये दाट वायूत मुद्दाम डायल्युशन एअर मिसळून तो १२ टक्क्यांच्या आसपास आणतात.

एक स्मेल्टर मांडून बघू

वर्षाला २ लाख टन तांब्याचा स्मेल्टर घ्या. फ्लॅश फर्नेस आणि पीअर्स-स्मिथ कन्व्हर्टर. रोज २,००० टन कॉन्सन्ट्रेट (समृद्ध केलेलं खनिज), त्यात २९ टक्के तांबं, ३० टक्के गंधक. म्हणजे रोज ५८० टन तांबं आणि ६०० टन गंधक. स्लॅग (मळी) आणि धुळीत ३ टक्के गंधक गेला असं धरलं तर ५८२ टन उरतो. ॲसिड झालं १,७८० टन. सल्फर डायऑक्साइड सरासरी तासाला १६,९५० घनमीटर. १२ टक्क्यांना वायू १,४१,००० घनमीटर. वर दहा टक्के मार्जिन टाकून १,५५,००० चा प्लांट मागवला. पाटी लागली, उद्घाटन झालं.

आता हाच गंधक कुठून कधी येतो ते बघा. मॅट (फर्नेसमधून निघणारं तांबं, लोखंड आणि गंधकाचं वितळलेलं मिश्रण) ६२ टक्के तांब्याची धरली तर रोज ९३५ टन मॅट कन्व्हर्टरला जाते आणि तिच्यासोबत साधारण २१० टन गंधक. उरलेला ३७२ टन फर्नेसमध्येच जळतो. फर्नेस चोवीस तास चालते, त्यामुळे तिथून तासाला १०,८०० घनमीटर सल्फर डायऑक्साइड येत राहतो. ईएसपीच्या (विजेने धूळ पकडणाऱ्या यंत्राच्या) पुढे तो २५ टक्क्यांचा धरला तर वायू झाला ४३,००० घनमीटर. याचा काही त्रास नाही.

खरा त्रास कन्व्हर्टरचा. तो तळणीच्या घाण्यासारखा पाळीपाळीने चालतो: मॅट ओता, स्लॅग ब्लो (लोखंड जाळणं), स्लॅग काढा, पुन्हा मॅट, शेवटी कॉपर ब्लो (तांब्यासोबतचा उरलेला गंधक जाळणं), मग ब्लिस्टर (कच्चं तांबं) ओता. मिनिटाला ६०० घनमीटर हवा फुंकली आणि ऑक्सिजन ९५ टक्के कामी आला, तर स्लॅग ब्लोमध्ये तासाला ४,८०० घनमीटर सल्फर डायऑक्साइड निघतो, कारण एक-तृतीयांश ऑक्सिजन लोखंड खातं. कॉपर ब्लोमध्ये लोखंड उरलेलं नसतं. तोच आकडा ७,२०० होतो. हूड आणि कन्व्हर्टरच्या तोंडामधल्या फटीतून फुंकलेल्या हवेच्या १२० टक्के बाहेरची हवा आत आली, तर स्लॅग ब्लोचा वायू ७७,००० घनमीटर आणि ६.२ टक्क्यांचा, कॉपर ब्लोचा ७९,००० घनमीटर आणि ९.१ टक्क्यांचा.

आता बेरजा. एकही कन्व्हर्टर ब्लोमध्ये नसेल तेव्हा फर्नेसचा वायू पातळ करून ९०,००० घनमीटर. एक कॉपर ब्लो चालू असेल तर १,५०,०००. दोन कॉपर ब्लो एकदम आले तर २,१०,०००. एक कॉपर, एक स्लॅग असेल तरी १,९९,०००.

१,५५,००० चा प्लांट पहिल्या दोन्हींना पुरतो, दुसऱ्याला जेमतेम. तिसऱ्यात वायू क्षमतेच्या ३५ टक्के वर जातो. मुंबईच्या गटारांची रुंदी वर्षभराच्या सरासरी पावसावर ठरवली तर जे होईल, तेच इथे दर शिफ्टला होतं. दोन कॉपर ब्लो चालू ठेवले तर फर्नेस पूर्ण बंद करूनही वायू १,५५,००० च्या आत बसत नाही, कारण दोन कन्व्हर्टरांचाच १,५८,००० होतो.  म्हणून हूड पफ होतो, म्हणजे न ओढलेला वायू हूडमधून बाहेर फुटतो.

आणि हा पफ चिमणीच्या ॲनालायझरवर उमटत नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. कागदोपत्री सगळं हिरवं, आयलमध्ये डोळ्यांना धार. रत्नागिरीत १९९३ च्या सुमारास तांब्याच्या स्मेल्टरला विरोध होऊन तो प्रकल्प तमिळनाडूत तूत्तुक्कुडीला गेला, आणि तिथलाही २०१८ पासून बंद आहे. शेजारच्या गावाला चिमणीचा आलेख दाखवून उपयोग नसतो, कारण जो वायू त्रास देतो तो अनेकदा चिमणीतून गेलेलाच नसतो.

पहिलं निदान: त्या क्षणाची टक्केवारी

पफ झाला त्या दहा मिनिटांचा डीसीएसवरचा (कंट्रोल रूममधल्या संगणकावरचा) ट्रेंड काढा. महिन्याची सरासरी, दिवसाची सरासरी, काही कामाची नाही. तीन गोष्टी एकाच पडद्यावर घ्या: ड्राइंग टॉवरनंतरचा सल्फर डायऑक्साइड, डायल्युशन डॅम्पर किती उघडा आहे, आणि कुठले कन्व्हर्टर ब्लोमध्ये आहेत.

ब्लोअर पूर्ण उघडा, सल्फर डायऑक्साइड १२ च्या जवळ आणि डायल्युशन डॅम्परही थोडा उघडा असेल, तर खरोखरच त्या क्षणी गंधक जास्त जळतोय. अशा वेळी हूड सील करण्यात पैसे घालू नका. वरच्या उदाहरणात हूडची आगंतुक हवा १२० वरून ८० टक्क्यांवर आणली, तर दोन कॉपर ब्लोचा मूळ वायू २,०२,००० वरून १,७३,००० होतो खरा, पण तो १४.६ टक्क्यांचा असतो. कॅटॅलिस्टसाठी त्याला पुन्हा १२ वर आणायचं, म्हणजे पुन्हा २,१०,०००. हूडमधून थांबवलेली हवा डायल्युशन डॅम्परमधून आत आली, इतकंच.

उलट, ब्लोअर पूर्ण उघडा, डायल्युशन डॅम्पर बंद आणि तरी सल्फर डायऑक्साइड ९-१० टक्केच, तर तुम्ही हवा ओढताय. इथे प्लांट छोटा नाही, डक्ट भोकं पडलेली आहेत. जुन्या प्लांटमध्ये हाच प्रकार जास्त दिसतो. सुरू झाल्यावर पहिली काही वर्षं नीट चाललेला प्लांट हळूहळू 'छोटा' होत गेला असेल, तर आधी संशय इथेच घ्यावा.

फॉल्स एअर (नको असलेली बाहेरची हवा) कुठून येते

फर्नेसपासून ब्लोअरच्या तोंडापर्यंत सगळं सक्शनखाली असतं. तिथली प्रत्येक फट आत ओढते, त्यामुळे वास येत नाही आणि कुणाचं लक्ष जात नाही. ब्लोअरच्या पुढची फट मात्र बाहेर फेकते, ती पाच मिनिटांत सापडते.

एकच कन्व्हर्टर कॉपर ब्लोमध्ये असताना त्याच्या डक्टवर पाठोपाठ दोन ठिकाणी सल्फर डायऑक्साइड मोजा. हूडनंतर ९.१ आणि ईएसपीनंतर ७.५ आला तर वायू मधल्यामध्ये ९.१ भागिले ७.५, म्हणजे २१ टक्के वाढला. ७९,००० वर तासाला जवळपास १७,००० घनमीटर फुकटची हवा. दोन कन्व्हर्टरांची दुप्पट धरा. ऑक्सिजनही सोबत मोजा आणि दोन्ही हिशेब जुळतात का बघा. थोडा सल्फर डायऑक्साइड डक्टमध्येच ट्रायऑक्साइड होतो, त्यामुळे एकट्या आकड्यावर विसंबू नये. एक नमुना ओला आणि दुसरा कोरडा, अशी तुलना करून गोंधळ घालणारेही पुष्कळ भेटतात.

सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एक्स्पान्शन जॉइंटची फाटलेली कापडं, गरम ईएसपीच्या हॉपरखालचे रोटरी व्हॉल्व्ह, मॅनहोलचे गॅस्केट, वेट ईएसपीच्या इन्सुलेटरची पर्ज एअर. पण पहिला नंबर माझ्या मते उभ्या कन्व्हर्टरच्या डॅम्परचा. कन्व्हर्टर ब्लोमधून बाहेर आला, फिरवून ठेवला, पण त्याच्या हूडचा डॅम्पर उष्णतेने वाकलेला किंवा धुळीच्या थराने अडलेला, पूर्ण बसतच नाही. कंट्रोल रूममध्ये 'क्लोज्ड' दिवा लागलेला असतो, कारण लिमिट स्विच दांड्यावर आहे, पात्यावर नाही. तो डक्ट चोवीस तास हवा ओढतो. शटडाऊनमध्ये आत माणूस पाठवून पातं डोळ्यांनी बघितल्याशिवाय या दिव्यावर विश्वास ठेवू नये.

गंधकाचा पीकच खरा असेल तर

वरच्या उदाहरणातला आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. दिवसभरातली सगळी मॅट फुंकायला लागणारा वेळ काढला तर स्लॅग ब्लोचे साडेदहा तास आणि कॉपर ब्लोचे साडेतेरा. बेरीज चोवीस. म्हणजे एका वेळी एकच कन्व्हर्टर ब्लोमध्ये, हा नियम पाळायचा तर दिवसभरात एक मिनिटही वाया जाता कामा नये. क्रेन अडकली, लॅडल (वितळलेला धातू नेणारं भांडं) उशिरा आली, ट्युयर पंचिंग (हवेच्या नळ्यांची तोंडं मोकळी करणं) लांबलं की पुढचा ब्लो आधीच्यावर चढणार. शिफ्ट इन-चार्जला दोष देऊन काही होणार नाही. वेळापत्रकात सैल जागाच ठेवलेली नाही.

ती जागा दोन प्रकारे मिळते. एक म्हणजे मॅटचा ग्रेड वाढवणं. ६२ ऐवजी ६८ टक्क्यांची मॅट केली तर कन्व्हर्टरला जाणारा गंधक २१० वरून साधारण १८३ टनांवर येतो आणि लोखंड बरंच कमी होतं. स्लॅग ब्लो साडेसहा तासांच्या आत येतो, एकूण फुंकायचा वेळ वीस तास. चार तास हातात. फर्नेसचा सल्फर डायऑक्साइड तासाला ८०० घनमीटरनी वाढतो, पण तो सपाट, एकसारखा वाढतो, त्याचा झटका बसत नाही. किंमत अशी की फर्नेसच्या स्लॅगमध्ये तांबं जास्त जातं, मॅग्नेटाइट वाढतं. स्लॅग क्लीनिंगची सोय तोकडी असेल तर हा सौदा महागात पडतो. आणि एकच कॉपर ब्लो चालू असतानाचा वायूही १,५७,००० वर जातो, म्हणजे उदाहरणातल्या प्लांटला तो किंचित जास्तच. तेवढा फर्नेसचा फीड कॉपर ब्लोच्या काळात खाली घ्यावा लागेल.

दुसरा मार्ग ब्लोच्या हवेत ऑक्सिजन घालण्याचा. २१ वरून २५ टक्के केला तर चोवीस तासांचं काम वीस तासांत होतं. पण त्या वीस तासांत दर तासाचा सल्फर डायऑक्साइडही त्याच प्रमाणात वाढतो, कॉपर ब्लोमध्ये साडेआठ हजारांवर. आधीच जेमतेम बसणारा एकेरी ब्लोही मग बाहेर जातो. वेळेची अडचण आणि क्षमतेची अडचण या दोन वेगळ्या आहेत. ऑक्सिजन पहिली सोडवतो आणि दुसरी वाढवतो. ट्युयरभोवतीच्या विटांना उष्णता सोसावी लागते आणि ती शोषायला कोल्ड चार्ज (थंड भंगार वगैरे) हाताशी लागतो, तो खर्च आणखी वेगळा.

मी क्रम असा लावेन: आधी गळती, मग वेळापत्रक, मग मॅट ग्रेड. कॅटॅलिस्टच्या बाजूने मर्यादा १४ टक्क्यांवर नेता आली आणि हूडची आगंतुक हवाही ८० टक्क्यांवर आणली तर २,१०,००० चे १,८०,००० होतात, पण त्यासाठी प्री-कन्व्हर्टर (आधीचा जादा कॅटॅलिस्ट थर) किंवा पहिल्या थराची रचनाच बदलावी लागते आणि ऑक्सिजनचं गुणोत्तर सांभाळावं लागतं. ते प्रकल्पाचं काम झालं, शटडाऊनचं नाही.

ब्लोअरचं म्हणाल तर १,५५,००० वरून २,१०,००० म्हणजे प्रवाह १.३५ पट, प्रेशर ड्रॉप सुमारे १.८ पट आणि शक्ती जवळपास अडीच पट. एवढं करूनही टॉवरचा व्यास तोच राहणार. पॅकिंगमधून ॲसिड उचललं जाईल, थेंब अडवणाऱ्या कँडल फिल्टरना झेपणार नाही आणि आज हूडमधून निघणारा त्रास उद्या मिस्टच्या (ॲसिडच्या सूक्ष्म थेंबांच्या) रूपाने चिमणीतून निघेल. प्रेशर ड्रॉप मुळातच वाढलेला असेल तर पहिल्या थरातला कॅटॅलिस्ट चाळून घ्या. धुळीचा थर काढला की जुना ब्लोअरच पुन्हा तरुण होतो.

मोठा घेतला तरी सुटका नाही

'मग सरळ २,१०,००० चाच घेतला असता' असं कुणीतरी म्हणतंच. घेता येतो. पण कन्व्हर्टर उभे असताना त्याच प्लांटला ९०,००० वर, म्हणजे ४३ टक्क्यांवर, चालावं लागेल. दिवसातून कितीतरी वेळा असा वर-खाली झोका बसला की हीट एक्स्चेंजरच्या ट्यूबशीटला तडे जातात, दाट बाजूचा वायू शेवटच्या थराला वळसा घालून सुटतो आणि चिमणीचा आकडा कारण न कळता चढतो. कॅटॅलिस्ट बदलूनही चिमणी खाली येत नसेल तर एक्स्चेंजरची गळती तपासा.

फर्नेस बंद आणि कन्व्हर्टर उरलेली मॅट संपवतायत, ही दुसरी अवघड अवस्था. वायू ६.२ टक्क्यांचा. डबल ॲब्सॉर्प्शन प्लांट स्वतःच्या उष्णतेवर टिकण्याच्या काठावर असतो. प्रीहीटर तयार नसेल तर पहिला थर विझतो. आणि याच वेळी पाण्याचा हिशेब बिघडतो. ९८.५ टक्क्यांच्या ॲसिडला दर मोल सल्फर डायऑक्साइडमागे १.०८ मोल पाणी लागतं, जास्त आलं की ॲसिड पातळ. १२ टक्क्यांचा वायू ड्राइंग टॉवरला ४९ अंशांवर संपृक्त आला तरी चालतो. ६ टक्क्यांच्या वायूला ३७ अंश ही हद्द, आणि सक्शन धरलं तर ३५ च्या आसपास. मे महिन्यात दहेजसारख्या किनाऱ्यावर कूलिंग टॉवरचं पाणीच ३२-३३ वर असतं. तेव्हा गॅस कूलर १२ टक्क्यांच्या केसवर निवडलेला असेल तर ॲसिड ९८ च्या खाली घसरतं, ट्रायऑक्साइड नीट शोषला जात नाही आणि चिमणीवर पांढरा पिसारा उभा राहतो. गॅस कूलर सर्वांत पातळ वायूवर निवडायचा, ब्लोअर आणि टॉवर सर्वांत मोठ्या प्रवाहावर, कॅटॅलिस्ट आणि इंटरकूलिंग सर्वांत दाट वायूवर, प्रीहीटर फर्नेस बंद असण्यावर. एका प्लांटची ही चार वेगवेगळी मापं आहेत आणि टेंडरमध्ये 'टन प्रतिदिन' या एका ओळीत ती मावत नाहीत.

नवा स्मेल्टरच उभा करत असाल तर मूळ दुखणं टाळता येतं. जपानमध्ये नाओशिमाला मित्सुबिशीची सलग पद्धत १९७० च्या दशकात आली; अमेरिकेत युटामधल्या गारफिल्डला १९९५ मध्ये फ्लॅश कन्व्हर्टिंग सुरू झालं. दोन्हींत कन्व्हर्टिंग फर्नेससारखंच अखंड चालतं, वायू एकसारखा येतो, आणि सरासरीवर माप काढणं तिथे जवळजवळ बरोबर ठरतं. पीअर्स-स्मिथ ठेवणारच असाल तर विक्रेत्याला एक तक्ता द्या: कन्व्हर्टरची प्रत्येक जोडी, त्या वेळचा वायू, सल्फर डायऑक्साइड, ऑक्सिजन, तापमान, आणि दिवसातले तास. त्या तक्त्यात 'उभ्या कन्व्हर्टरच्या डॅम्परची गळती' असा एक रकाना असू द्या, आणि त्यात शून्य लिहून आणणाऱ्याला परत पाठवा.